जमीन जवळ येताना



या स्तंभातून मी आजवर ठेवी, कर्जे, वारस-नोंद, मृत्युपत्र अशा रुक्ष विषयांवरच लिहीत आलो. सारी हयात बँकेत काढलेल्या माणसाकडून वाचकांचीही तेवढीच अपेक्षा असते. या वेळी विषय विमानाचा आहे; आणि तोही ते उडविण्याचा नव्हे, उतरविण्याचा. हिशोबाची वही मात्र यातही आहे, आणि दुर्दैवाने ती मीच घेऊन दिलेली आहे.

माझ्या धाकट्या बंधूची कन्या वैमानिक होण्यासाठी खानदेशातील एका प्रशिक्षण संस्थेत शिकते आहे. आमचे घराणे कापडाचे. गुलमंडीवर आजोबांनी घातलेले दुकान बंधू आजही चालवितो. मुलीने बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेतले तेव्हा ती फार तर इंजिनीअर होईल असे आम्ही धरून चाललो होतो. तिने विमानाचे नाव काढले त्या दिवशी सूर्यास्तापूर्वीचे जेवण नेहमीप्रमाणे झाले, पण ताटावर कोणी कोणाशी बोलले नाही.

मातोश्रींचा विरोध भीतीपोटी होता. आमच्या शहरातील पन्नाशीपुढच्या माणसाला विमान म्हटले की २६ एप्रिल १९९३ आठवतो. चिकलठाण्याहून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग धावपट्टी संपत आली तरी पुरेसे वर उचलले गेले नाही. पलीकडच्या रस्त्याने कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता, त्याला विमानाचे चाक धडकले. पुढे विजेच्या तारांना लागून विमान कोसळले. ११८ जणांपैकी ५५ जण गेले. मी तेव्हा शहरातल्याच शाखेत होतो. दुसऱ्या दिवशी रोखपालाच्या खिडकीपुढे नेहमीएवढीच रांग होती, पण आवाज असा कोणाचाच नव्हता. मातोश्रींनी तो दिवस पाहिलेला. त्यांना आकडेवारी सांगून उपयोग नव्हता.

बंधूचा विरोध पैशाचा होता आणि तो मला समजत होता. फी, राहणे, परीक्षा, पुढचे विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण असा सारा खर्च अर्ध्या कोटीच्या घरात जाणार होता. शेवटी राहते घर तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढले. कागदपत्रे मीच तयार केली.

घरच्यांचे मन वळविताना मी वालचंदशेठजींचा आधार घेतला, हे कबूल करतो. "हे आपले काम नव्हे" असे नात्यातले लोक म्हणाले, तेव्हा मी विचारले, मग सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातल्या वालचंद हिराचंदांचे ते काम कसे झाले? १९३९ साली एका विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी विमान व्यावसायिकाशी गाठ पडली, त्या गप्पांतून कारखान्याची कल्पना निघाली, आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या सहकार्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी राहिली. या कारखान्यात १९४१ साली जोडले गेलेले पहिले विमान युद्धाचे नव्हते. ते हार्लो नावाचे, शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान होते. पुढे कारखाना सरकारकडे गेला, आणि तेथेच आपल्या कोल्हापूर भागातील डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली 'एचटी-२' हे विमान तयार होऊन १९५१ मध्ये उडाले. तेही शिकाऊंचेच. मुलीचे काम आहे का, या प्रश्नाला कॅप्टन सौदामिनी देशमुखांचे नाव पुरेसे होते. १९८५ मध्ये कोलकाता ते सिल्चर हे केवळ स्त्री कर्मचाऱ्यांनी नेलेले विमान त्यांच्याच हाती होते. आज भारतातील वैमानिकांत स्त्रिया सुमारे १५ टक्के आहेत, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट.

अनेक वाचक विचारतील म्हणून नियमांचे चार शब्द. शिकाऊ परवाना सोळाव्या वर्षी मिळू शकतो, व्यावसायिक परवाना अठराव्या. त्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांतले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या लेखी परीक्षा वेगळ्या. आणि माझा व्यावहारिक सल्ला असा की फीचा पहिला रुपया भरण्याआधी प्रथम वर्गाची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. घर तारण ठेवल्यावर डोळ्यांतला दोष कळण्यात अर्थ नाही.

ती निघाली त्या दिवशी मी तिला दोन गोष्टी दिल्या. एक गोष्ट ऐकायची होती, एक लिहायची.

ऐकायची म्हणजे जे. आर. डी. टाटांची. मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकताना चार तासांपेक्षाही कमी शिकवणीनंतर ते एकटे विमान घेऊन गेले, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. हे मी मोठ्या उत्साहाने सांगितले. लिहायची म्हणजे एक लाल कापडी बांधणीची वही. तारीख, उड्डाणाची मिनिटे, त्या मिनिटांचे पैसे आणि एकूण बेरीज, असे चार रकाने मी स्वतः आखून दिले. दर रविवारी पानाचा फोटो मला पाठवायचा. पैशाची जाणीव राहावी, एवढाच हेतू. आमच्या घरात मुले दुकानावर बसू लागली की पहिली वही अशीच हाती येते.

पहिले दोन महिने फोटो नियमाने आले. अक्षर सुंदर, बेरीज अचूक. मग मला एक गोष्ट जाणवू लागली. तिच्यासोबतची मुले पंधरा, अठरा, वीस तासांत एकटी उडू लागली होती. हिचा आकडा सत्तावीस झाला तरी प्रशिक्षक तिला एकटीला सोडीत नव्हते. एका रात्री फोन आला. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मोठे पप्पा, मला विमान उतरवता येत नाही. बाबांना सांगा, मी परत येते."

बंधूने ऐकले आणि लगेच म्हणाला, "आणा तिला. झाला तेवढा तोटा पुरे." समाजात काय सांगायचे याचा विचारही त्याने तेवढ्यात करून ठेवलेला दिसला. मी म्हणालो, मला दोन दिवस दे. दुसऱ्या दिवशी कन्नडचा घाट उतरून, चाळीसगावमार्गे मी पोहोचलो.

एप्रिल नुकताच लागला होता. खानदेशात तेव्हा दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट उठतात आणि लहान विमानाला पतंगासारखे हलवितात. म्हणून शिकाऊंची उड्डाणे पहाटे सुरू होतात. साडेसहाला मी कार्यालयाच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसलो. तिचे प्रशिक्षक वायुदलातून निवृत्त झालेले, मराठी गृहस्थ. त्या दिवशी त्यांनी तिला दुसऱ्या प्रशिक्षकाबरोबर पाठविले आणि स्वतः माझ्याजवळ थांबले. ते सांगत गेले तसे मला दिसू लागले. एरवी मी नुसते एक पांढरे विमान वरखाली होताना पाहिले असते.

उतरण्याचा सराव म्हणजे आयताकृती फेऱ्या. उड्डाण करायचे, वळायचे, हजार फुटांवर धावपट्टीला समांतर उलट दिशेने जायचे, पुन्हा दोनदा वळून धावपट्टीसमोर यायचे, टेकायचे, आणि न थांबता पुन्हा उडायचे. एका फेरीला सहा-एक मिनिटे. म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या एका सामायिकाच्या वेळात आठ वेळा जमिनीला स्पर्श.

"शेवटच्या सरळ टप्प्यात वेग साधारण ६५ नॉट ठेवायचा," ते म्हणाले. ताशी सुमारे १२० किलोमीटर. मग धावपट्टीवरची एक खूण नजरेत धरायची. ती समोरच्या काचेत एका जागी स्थिर राहिली तर विमान नेमके तिथेच चालले आहे. खूण काचेत वर सरकू लागली तर आपण अलीकडेच पडणार; खाली सरकू लागली तर पुढे निघून जाणार. हे बहुतेकांना लवकर येते. कठीण असतात ते शेवटचे वीस फूट. तिथे नाक हळूहळू वर उचलून खाली जाण्याचा वेग मोडायचा, म्हणजे मागची दोन चाके आधी टेकतात आणि नाकाखालचे चाक नंतर. हात किती ओढायचा हे कोणी सांगू शकत नाही. लवकर ओढले तर विमान वर फुगते, मग वेग संपून धपकन खाली येते. उशिरा ओढले तर नाकाचे चाक आपटते. वेग थोडा जास्त असला तर जमिनीलगत पंखाखालची हवा त्याला उशीसारखी धरून ठेवते. विमान तरंगत राहते आणि धावपट्टी मागे पळत असते.

"नवीन मुलगा कुठे पाहतो ठाऊक आहे?" त्यांनी विचारले. "चाकापुढच्या जमिनीकडे. जमीन अंगावर येताना दिसते, म्हणून घाबरून ओढतो. पाहायचं असतं ते धावपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाकडे. दूर पाहिलं की उंची आपोआप कळते."

"मग हिची नजर जवळ आहे का?"

"नाही. हिची नजर चांगली आहे. हात उत्तम आहे." ते थोडे थांबले. "हिला विमान उतरवता येतं, साहेब. न उतरवता येत नाही."

मला कळले नाही. तेवढ्यात तिचे विमान समोर आले. थोडे उंचच होते, माझ्यासारख्या अडाण्यालाही ते जाणवले. नाक खाली झाले, वेग वाढला, मग विमान धावपट्टीवर तरंगत राहिले, तरंगत राहिले आणि टेकले ते उसळले. उसळल्यावर पुन्हा दाबल्यासारखे खाली आले, पुन्हा उसळले. मग इंजिनाचा आवाज एकदम वाढला आणि ते वर निघून गेले.

"हे शेवटचं प्रशिक्षकानं केलं," ते म्हणाले. "तिनं आधीच करायला हवं होतं. तिकडे लांबच, उंच आहोत हे कळलं तेव्हाच. पूर्ण शक्ती द्यायची, फ्लॅप टप्प्याटप्प्यानं वर घ्यायचे, चढायचं, पुन्हा फेरी मारायची. गो-अराउंड. तिला कृती येते. पण आपणहून करीत नाही. बिघडलेला उतार ओढूनताणून जुळवायला बघते. का, ते सांगत नाही. जोवर ती स्वतःहून सोडून देत नाही, तोवर मी तिला एकटीला पाठवणार नाही. एकटं उडताना बाजूला मी नसतो."

मग त्यांनी मंगळूरची आठवण काढली. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान उतरताना फार उंच आणि फार वेगात होते. सहवैमानिकाने तीन वेळा गो-अराउंड सुचविले. मुख्य वैमानिकाने उतरणे सोडले नाही. विमान धावपट्टीपलीकडे दरीत गेले. १५८ माणसे मृत्यू पावली. "ज्यांच्या हाती विमान होतं त्यांचा अनुभव काही थोडा नव्हता," ते म्हणाले आणि चहा मागवायला उठले.

ते आत गेल्यावर मला एक फाईल आठवली. फार वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी असताना एका सरकी-कापसाच्या व्यापाऱ्याच्या कॅश क्रेडिटची मर्यादा आम्ही तीन वेळा वाढविली. दुसऱ्याच वेळी उलाढाल घटलेली दिसत होती. माल जुना होता, उधारी थकलेली होती. पण आधीचे पैसे अडकले होते, वर्षअखेर जवळ होती, माणूस भला होता, आणि "आता एवढे केलेच आहे तर" असे आम्हा सर्वांनाच वाटत होते. तिसरी शिफारस माझ्या सहीची. त्याच्या दुकानाच्या लिलावाची नोटीसही पुढे माझ्याच सहीने निघाली. दुसऱ्या वेळी नाही म्हटले असते तर त्याचे दुकान लहान झाले असते, गेले नसते. या गोष्टीविषयी मी या स्तंभात कधी लिहिले नव्हते.

दुपारी वसतिगृहाच्या व्हरांड्यात पुतणी माझ्यासमोर बसली. मेसमध्ये कांदा-बटाट्याविना भाजी मिळते का, असल्या चौकश्या झाल्या. मग मी सरळच विचारले की उंच आलेले कळते, तरी तू वर का जात नाहीस?

ती खाली पाहत म्हणाली, "मोठे पप्पा, फेरी वाया गेली तर वहीत काय लिहायचं?"

मला उत्तर सुचले नाही. तिने आतून वही आणली आणि पाने उलटून दाखविली. मी आखलेल्या चार रकान्यांशेजारी तिने पेन्सिलीने पाचवा रकाना काढला होता. प्रत्येक फेरीचे पैसे काढून, त्याखाली ते बाबांच्या दुकानातल्या किती साड्यांच्या नफ्याएवढे होतात ते लिहिले होते. न टेकता गेलेल्या फेरीपुढे फुली. पहिल्या पंधरवड्यात फुल्या सहा होत्या. नंतर एकही नव्हती.

"आणि जेआरडींना चार तासही लागले नव्हते ना," ती म्हणाली.

वाचकहो, त्या क्षणी माझी अवस्था काय झाली ते सविस्तर लिहीत नाही. त्या विमानात दोन माणसांची आसने होती आणि मी महिनाभर तिसरा होऊन तिच्या मानेवर बसलो होतो. मी तिला एवढेच सांगितले की जेआरडींचे विमान वेगळे, काळ वेगळा, आकाश रिकामे, आणि तो किस्सा सांगणे हा माझा मूर्खपणा होता. वही मी मागितली. ती द्यायला तयार होईना. तिला हिशोबाची खरोखर आवड आहे. मग आम्ही दोघांनी बसून साड्यांचा रकाना खोडरबराने पुसला आणि त्या जागी नवे शीर्षक घातले: गो-अराउंड. "जितके जास्त, तितके मला चांगले वाटेल," मी म्हणालो. "पैशाचे मी तुझ्या बाबांशी बोलेन."

ते बोलणे सोपे गेले नाही. बंधू म्हणाला, "तुम्ही बँकवाले. तोटा लिहून टाकायची तुम्हाला सवय. आम्हाला तो गल्ल्यातून भरावा लागतो." त्याचे चुकीचे नव्हते. मी माझ्या मुदत ठेवीतील काही रक्कम दहा जादा तासांसाठी बाजूला काढली. त्याने ती घेण्यास नकार दिला, आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि नवव्या दिवशी स्वतःच पैसे पाठविले.

पुढच्या रविवारी नव्या रकान्यात पाचाचा आकडा आला. त्याच्या पुढच्या रविवारी तीन.

एकतिसावा तास पुरा झाल्यावर एका सकाळी प्रशिक्षकांनी विमान धावपट्टीच्या कडेला थांबवायला सांगितले, पट्टा सोडला आणि दार उघडून ते उतरले. हे ते आधी सांगत नाहीत. त्यांचे वजन कमी झाल्यामुळे विमान तिच्या अपेक्षेपेक्षा लवकर उचलले गेले आणि भराभर चढले. त्यामुळे शेवटच्या टप्प्यावर ती पुन्हा उंच आली. एकच फेरी ठरलेली. खाली सगळी तुकडी उभी राहून पाहते आहे. बाजूचे आसन रिकामे. प्रशिक्षकांनी मला फोनवर सांगितले की त्यांनी वायरलेस तोंडाशी नेला, पण बोलण्याची गरज पडली नाही. त्याआधीच इंजिनाचा आवाज वाढला होता. विमान धावपट्टीवरून सरळ वर निघून गेले. सहा मिनिटांनी ते पुन्हा आले आणि मागची दोन चाके, मग पुढचे, अशा क्रमाने टेकले.

पहिल्या एकट्या उड्डाणानंतर विद्यार्थ्याला पाण्याने न्हाऊ घालण्याची तिथे रीत आहे. तो व्हिडिओ घरी सर्वांनी पाहिला. मातोश्रींनी दोनदा लावायला सांगितला आणि विचारले, "एवढं पाणी ओतलं, ते गाळलेलं होतं का?" याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

रविवारी पानाचा फोटो आला. त्या तारखेपुढे: मिनिटे पंधरा, फेऱ्या दोन, गो-अराउंड एक. पैशांच्या रकान्यात नेहमीप्रमाणे अचूक आकडा होता. बंधूने दुकानात बसून तो फोटो मोठा करून पाहिला आणि मला विचारले, "दादा, यातले वर गेले त्या फेरीचे किती झाले?" मी म्हणालो, अर्धे. त्याने मान डोलावली आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

तिचे अजून दीडशेहून अधिक तास बाकी आहेत. त्यांत रात्रीची उड्डाणे आहेत, ३०० सागरी मैलांची एकटीची सफर आहे. पावसाळ्यात आडव्या वाऱ्यात उतरणे शिकवतात म्हणे. मातोश्रींना ते अद्याप सांगितलेले नाही.

पुढील अंकात मुदत ठेवींच्या व्याजावरील करकपातीविषयी लिहीन. त्याबाबत बऱ्याच वाचकांची पत्रे आली आहेत.